बॅगेची स्किन आणि बागेची छाटणी : गेममधलं कस्टमायझेशन, मार्केटिंगवाल्याच्या नजरेतून

परीक्षण गेमचं नाही, हे आधीच सांगून टाकतो. गेममधल्या त्या कोपऱ्याचं आहे, जिथे खेळणारा कपडे, चेहरा, बटणं आणि बंदुकीचा रंग बदलत बसतो. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या कॅफेत मोबाइल आडवा धरून बसलेल्या चार पोरांकडे बघा. मॅच सुरू व्हायच्या आधीचा बराचसा वेळ लॉबीत कपडे बदलण्यातच जातो, आणि कोणी कंटाळलेलंही दिसत नाही. त्याच रस्त्यावरच्या दुकानांचं डिजिटल मार्केटिंग सांभाळणाऱ्यांना मात्र 'पर्सनलायझेशन' म्हटलं की एकच गोष्ट आठवते : मेसेजच्या सुरुवातीला ग्राहकाचं नाव टाका.

दोन शब्दांतला फरक इथेच करून घेऊ. पर्सनलायझेशनमध्ये दुकानदार अंदाज बांधतो आणि ग्राहकाच्या वतीने बदल करतो. कस्टमायझेशनमध्ये ग्राहक स्वतः हात घालतो. नाशिककराला हे शिकवायची गरज नाही. मिसळ सांगितली की मटकी, शेव, कांदा सगळ्यांना सारखंच येतं. रस्सा किती ओतायचा, तर्री वरून घ्यायची का, दही कालवायचं की बाजूला ठेवायचं, पापड चुरायचा की तोंडी लावायचा, हे खाणारा ठरवतो. आत भटारखान्यात पातेलं एकच असतं. चांगल्या गेममध्येही असंच असतं : मूळ खेळ सगळ्यांना एक, वरची मांडणी ज्याची त्याची.

बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया), सायबरपंक २०७७, द लास्ट ऑफ अस पार्ट टू आणि फोर्टनाइट असे चार गेम तपासायला घेतले आहेत. माइनक्राफ्टबद्दल जाता जाता दोन ओळी.

बीजीएमआय : पाठ दिसते म्हणून

क्राफ्टन कंपनीचा हा गोळीबाराचा मोबाइल गेम जुलै २०२१मध्ये भारतात आला, जुलै २०२२मध्ये अॅप स्टोअरवरून काढला गेला आणि मे २०२३मध्ये परतला. दहा महिने गायब राहून परत आलेल्या गेमकडे लोक वळले, त्याची कारणं बरीच आहेत. पण जुनी आयडी, जुने कपडे आणि बोटांना सवय झालेली बटणांची मांडणी यांचा त्यात वाटा नाही असं कोण म्हणेल?

कस्टमायझेशन इथे दोन थरांत आहे. पहिला थर सजावटीचा. खातं उघडताना चेहरा आणि केस निवडायचे, नंतर कपडे, पॅराशूट, बॅग, हेल्मेट, बंदुका यांच्या स्किन, म्हणजे वरचं रंगरूप, जमवायच्या. कपड्यांनी ताकद वाढत नाही. साधा टीशर्ट घातलेला खेळाडू महागड्या सूटवाल्याला तेवढ्याच गोळ्यांत पाडतो. हा नियम मोडला की गेमची अब्रू जाते, आणि नेमकं तेच २०१७मध्ये स्टार वॉर्स बॅटलफ्रंट टूच्या वाट्याला आलं. पैसे देऊन उघडायच्या पेट्यांतून खेळात फायदा मिळतो म्हणून इतकी ओरड झाली, की गेम बाजारात यायच्या तोंडावर कंपनीला ती खरेदी बंद ठेवावी लागली.

आता बारकावा बघा. खेळाडू चेहरा मन लावून निवडतो, पण मॅचमध्ये त्यावर हेल्मेट चढतं. बहुतेक जण खेळतात टीपीपीमध्ये, म्हणजे कॅमेरा पाठीमागे. मग अर्धा तास डोळ्यासमोर काय असतं? स्वतःची पाठ. पाठीवर बॅग. म्हणून बॅगेच्या स्किनला मोल आहे, आणि चेहऱ्यावर घातलेला वेळ लॉबीपुरता.

मार्केटिंगवाल्यांची चूक बरोबर याच्या उलट असते. ग्राहकाचं नाव ते 'नमस्कार'च्या पुढे टाकतात, म्हणजे हेल्मेटच्या आत. तिथे कोणी बघत नाही. येवल्याच्या पैठणीवाल्याने ग्राहकाचं नाव मेसेजच्या डोक्यावर न टाकता ब्लाउजच्या मापाच्या कार्डावर टाकावं. फॉल-पिको झालं का, पदराचा नमुना मोराचा की कमळाचा, काठ कोणता, पुढच्या वेळी कोणता रंग बघायचाय, हे त्याच कार्डावर. ते कार्ड साडीच्या घडीत राहतं आणि साडी बाहेर निघेल तेव्हा दिसतं. बॅगेची स्किन म्हणजे हेच.

दुसरा थर बटणांचा, आणि या परीक्षणातला सगळ्यांत कसदार भाग तोच. सेटिंगमध्ये कंट्रोलच्या कस्टमाइझ पानावर जा. प्रत्येक बटण बोटाने ओढून हलवता येतं. आकार आणि पारदर्शकता यांच्या पट्ट्या वेगळ्या. लेआउट तीन जतन होतात. फसलं तर रीसेट आहे, जमलं तर सेव्ह. संवेदनशीलतेचे आकडे कॅमेऱ्याला वेगळे, नेम धरून गोळी मारताना वेगळे, मोबाइल हलवून नेम धरायच्या जायरोस्कोपला वेगळे. त्यातही रेड डॉट, २एक्स, ३एक्स, ४एक्स, ६एक्स, ८एक्स अशा प्रत्येक स्कोपला (बंदुकीवरच्या दुर्बिणीला) आपापला आकडा. बदल केला की ट्रेनिंग ग्राउंडमध्ये जाऊन भिंतीवर गोळ्या झाडून बघायचं. तिथे मेलं तरी रँक जात नाही.

नवा खेळाडू मात्र यातलं काहीही न करता पहिली मॅच खेळू शकतो, हे विसरू नका. गेम त्याला दारातच फॉर्म भरायला लावत नाही. डाव्या अंगठ्याला चालणं, उजव्याला गोळी, एवढ्यावर काम भागतं. चार-पाच मॅचनंतर 'हे बटण जरा वर हवं होतं' असं त्याचं त्यालाच वाटतं आणि तो सेटिंग शोधत जातो. कॅफेच्या वेबसाइटवर पाय ठेवताच जन्मतारीख, आवड आणि 'आमच्याबद्दल कुठून कळलं' विचारणाऱ्यांनी ही चार-पाच मॅचची वाट बघायला शिकावं.

मांडणीचा कोड दुसऱ्याला देण्याची सोयही आहे. यूट्यूबवरचा खेळाडू कोड देतो आणि पोरं जशीच्या तशी मांडणी उचलतात. इथे एक गडबड होते : त्याचा टॅब्लेट असतो, यांचा सहा इंची मोबाइल. तो चार बोटांनी खेळतो, हे दोन अंगठ्यांनी. मांडणी बसत नाही, मग शिव्या गेमला. कोड देणाऱ्याने कोणत्या उपकरणावर आणि किती बोटांनी, हे सांगितलं तरच त्या कोडला अर्थ.

गुण : दहापैकी आठ. दोन कापले ते क्रेटसाठी. आत काय निघेल हे माहीत नसताना पैसे टाकायचे, ही सोडत झाली, निवड नव्हे. अशा पेट्यांना बेल्जियमच्या नियामकाने २०१८मध्ये जुगार ठरवलं. 'स्क्रॅच करा आणि सूट मिळवा' लावणाऱ्या दुकानांनीही आपण ग्राहकाला निवड देतोय की सोडत, हे एकदा बघावं.

सायबरपंक २०७७ : आरसा कुठे आहे?

डिसेंबर २०२०चा हा गेम. चेहरा घडवायला दात, नखं, जखमेचे व्रण इथपर्यंत पर्याय. आणि खेळ जवळजवळ सगळा फर्स्ट पर्सन, म्हणजे कॅमेरा पात्राच्या डोळ्यांत. तासभर घडवलेला चेहरा बघायचा तर आरशासमोर उभं राहून बटण दाबायचं. वर सुरुवातीला एकदा ठरवलेला चेहरा पुढे बदलताही येत नव्हता. ती सोय फेब्रुवारी २०२२च्या १.५ अपडेटमध्ये आली. गुण चार.

हाच दोष आपल्याकडच्या लॉयल्टी अॅपमध्ये. आवडीनिवडी विचारतात बारा आणि पुढे सगळ्यांना एकच दिवाळी ऑफर. विचारलेली माहिती वापरणार नसाल तर विचारू नका. आणि बदलायची वाट ठेवा. पोरगी बारावी होऊन पुण्याला गेली तरी बापाला गंगापूर रोडच्या क्लासचे मेसेज तीन वर्षं येत राहतात, कारण फॉर्म भरायला लिंक होती, बदलायला नव्हती.

द लास्ट ऑफ अस पार्ट टू : साठ खोल्या, तीन दारं

२०२०च्या या गेममध्ये केवळ सुलभतेच्या सेटिंग साठाहून जास्त आहेत : अक्षरांचा आकार, रंगांचा ठळकपणा, आवाजावरून दिशा, एका बटणाऐवजी दुसरं. इतका पसारा बघून कोणीही पळेल. म्हणून वर तीन तयार संच ठेवले आहेत : दिसायला अडचण असेल तर एक, ऐकायला असेल तर दुसरा, हातांच्या हालचालीला असेल तर तिसरा. संच निवडा, मग हवं तर आत जाऊन एकेक खिळा घट्ट करा. गुण नऊ. इथून सगळ्यांत जास्त चोरण्यासारखं आहे.

ही रचना व्हॉट्सअॅपवर बसते, आणि नाशिकच्या व्यवसायांना तेच माध्यम जवळचं. एपीआयवरून, म्हणजे व्हॉट्सअॅपला सॉफ्टवेअर जोडून, सुरू असलेल्या संवादात पाठवलेल्या एका मेसेजला उत्तराची बटणं जास्तीत जास्त तीन लागतात. यादी पाठवली तर ओळी दहापर्यंत. म्हणजे वर तीन दारं आणि प्रत्येकाच्या आत दहा खोल्या.

मराठीत एक खड्डा आहे. बटणावरच्या मजकुराला २० अक्षरांची मर्यादा, पण संगणक काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळं सुटं मोजतो. 'छाटणीची तारीख नोंदवायची' हे डोळ्याला मोकळ्या जागा धरून चौदा अक्षरांचं दिसतं, मोजणीत तेवीस भरतं, आणि मेसेज अडकतो. 'छाटणीची तारीख नोंदवा' बरोबर वीस. 'छाटणीची तारीख सांगा' एकोणीस. एसएमएसलाही हाच न्याय : रोमन लिपीत एका मेसेजला १६० अक्षरं, देवनागरीत ७०, आणि लांबलेल्या मेसेजच्या प्रत्येक तुकड्याला ६७. पैसे तुकड्यांवर लागतात.

दुसरा खड्डा विभक्तीचा. कंसात नावाची जागा सोडून पुढे 'ला', 'च्या', 'साठी' चिकटवायचं हा इंग्रजी टेम्प्लेटचा उद्योग मराठीत अंगाशी येतो. 'सुरेश साठी' असं तुटलेलं दिसतं, नाहीतर थोरल्या माणसाला 'बापूला' म्हणून बसता. 'यांना', 'यांच्या', 'यांच्यासाठी' वापरलं की नाव कुठलंही असो, वाक्य उभं राहतं आणि मानही राखला जातो. ताई, दादा, भाऊ हे अंदाजाने लावू नका. किरण आणि सुहास या नावांवर अंदाज हमखास चुकतो. आणि नाव फोनच्या यादीतून उचलत असाल तर 'प्रिय सुनील प्लंबर' पाठवायची तयारी ठेवा. नावाची जागा रिकामी राहिली तर तिथे काय जाईल, हे आधी ठरवून ठेवायचं असतं : 'नमस्कार' आणि स्वल्पविराम यांच्यामध्ये पडलेली पोकळी सगळं सांगून जाते.

आता बागेत

दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत पट्ट्यातल्या कृषी सेवा केंद्राचं उदाहरण घेऊ, कारण कस्टमायझेशनची इतकी स्वच्छ गरज दुसऱ्या धंद्यात सापडणार नाही. द्राक्ष बागायतदार कॅलेंडरच्या तारखेने चालतच नाही. तो छाटणीपासून दिवस मोजतो : बाग अमुक दिवसांची झाली. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी. आणि बागलाणातली आगाप बाग तर ऑक्टोबरच्या कितीतरी आधीच छाटलेली. अशा सगळ्यांना एकाच सकाळी 'डाउनीसाठी (बुरशीजन्य रोगासाठी) आता फवारणी घ्या' असा एकच मेसेज गेला, तर कोणाची बाग फुलोऱ्यात असते, कोणाची डोळे फुटायच्या बेतात. ज्याला लागू नाही त्याच्या लेखी तुमचं केंद्र अडाणी ठरतं. दोनदा असं झालं की तो ग्रुप म्यूट करतो.

करायचं ते असं. पहिला मेसेज तीन बटणांचा : छाटणीची तारीख सांगा, माल मागवा, बोलायचंय. तारीख देणाऱ्याला पुढे दोनच प्रश्न : वाण कोणता आणि क्षेत्र किती. वाणासाठी यादी द्या. थॉमसन, सोनाका, शरद आणि शेवटी 'दुसरा'. बस. आधार, ईमेल, गट नंबर मागायचं कारण नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोखही तोच आहे : ज्या कामासाठी माहिती घेतली त्यापुरतीच, आणि संमतीने.

आता बीजीएमआयचे तीन लेआउट आठवा. एका बागायतदाराचे प्लॉट दोन-तीन असतात आणि मजुरांच्या टोळीप्रमाणे छाटणी आठ-दहा दिवस मागेपुढे होते. एका मोबाइल नंबरला एकच तारीख ठेवणारा तक्ता केला की सगळं मुसळ केरात. तक्त्यात ओळ शेतकऱ्याची नको, प्लॉटची हवी : नंबर, प्लॉटचं नाव, वाण, छाटणीची तारीख. प्लॉटचं नाव त्यालाच ठेवू द्या. 'विहिरीजवळचा', 'रस्त्याकडचा', 'आबांचा'. मेसेज जातो तो 'विहिरीजवळचा प्लॉट आज ३२ दिवसांचा झाला' असा, आणि तो उघडला जातो, कारण ते नाव त्याने स्वतः दिलेलं असतं. माइनक्राफ्टमध्ये ६४ बाय ६४ ठिपक्यांच्या चित्रात पोरं स्वतःची स्किन रंगवतात, तीही फुकट. जागा एवढीशी, पण कोणत्याही तयार पोशाखापेक्षा ती जास्त आपली वाटते. प्लॉटच्या नावाचंही तसंच.

मेसेजखाली 'तारीख बदला' ही वाट कायम ठेवा. पाऊस लांबला की छाटणी पुढे जाते, आणि मग नोंद चुकीची राहिली तर पुढचा प्रत्येक मेसेज चुकतो. शेजाऱ्याला मेसेज फॉरवर्ड केला जाणार हेही गृहीत धरा. यूट्यूबवरच्या कोडसारखंच : त्याची छाटणी वेगळी, वाण वेगळा. म्हणून प्रत्येक मेसेजमध्ये प्लॉट आणि दिवस लिहिलेले असले पाहिजेत, म्हणजे वाचणाऱ्याला हे आपल्या बागेचं नाही हे लगेच कळेल. 'तुमच्या बागेसाठी हवं असेल तर तारीख सांगा' अशी ओळ खाली असली की नवा ग्राहकही तिथूनच येतो. औषधाचं प्रमाण मात्र लेबलावरचंच द्या. त्यात कस्टमायझेशन नको.

पन्नास-शंभर प्लॉटपर्यंत हे व्हॉट्सअॅप बिझनेसच्या फुकट अॅपवर आणि एका एक्सेल तक्त्यावर चालतं. बटणं तिथे नसतील, प्रश्न साध्या मजकुरात विचारा. आठवड्यानुसार लेबल लावा आणि ब्रॉडकास्ट पाठवा. ब्रॉडकास्टच्या यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो पोचतो. 'मेसेज जातच नाही' या तक्रारीचं कारण बहुधा हेच. त्यापुढे एपीआय घ्या, तिथे आपण होऊन पाठवलेल्या मेसेजमागे पैसे आहेत.

मोजायचं काय? किती जणांना गेलं हा आकडा बिनकामाचा. किती जणांनी तारीख द्यायला सुरुवात केली, किती जणांनी पूर्ण केली, आणि किती जण आपण होऊन परत येऊन ती बदलून गेले, हे तीन बघा. तिसरा आकडा लहान असतो पण भारी असतो. गेममध्येही बटण हलवायला परत येणाराच टिकलेला खेळाडू. सुरुवात करून सोडणारे जास्त असतील तर प्रश्न कमी करा. पूर्ण करून गप्प बसणारे जास्त असतील तर सायबरपंकचा रोग आहे, आरसा लावा.

फोर्टनाइट : मांडणी झकास, गल्ला नडला

इथे कपडे रोज बदलत्या दुकानात मिळतात, क्रेटच्या भानगडीविना : दिसतं तेच मिळतं, किंमत समोर. या बाबतीत बीजीएमआयला मागे टाकतो. पण अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२२मध्ये ठपका ठेवला, की बटणांच्या गोंधळात टाकणाऱ्या रचनेमुळे एका दाबात नको असलेली खरेदी होत होती. झोपलेला गेम जागा करताना, किंवा कपडे नुसते बघायला गेलं आणि शेजारचं बटण दाबलं गेलं तरीही. फोर्टनाइटच्या एपिक कंपनीने त्यापोटी परताव्यासाठी २४.५ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. दुकानाला आठ, पैसे घेण्याच्या त्या जुन्या रचनेला शून्य.

आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३मध्ये अशा १३ चलाख्यांची यादी जाहीर केली आहे. खोटी घाई, टोपलीत गुपचूप वस्तू टाकणं, 'नाही, मला बचत नको' असं ग्राहकाला ओशाळवाणं करणारं बटण, सगळं त्यात आहे. सिंहस्थाच्या तोंडावर पंचवटी आणि त्र्यंबकच्या खोल्यांसाठी बुकिंगची पानं भराभर बनताहेत. 'तुमच्या आवडीनुसार पॅकेज' म्हणत पूजासाहित्य आणि गाडीवर आधीच टिक करून ठेवणाऱ्यांनी ती यादी वाचावी. टिक ग्राहकाने करायची. यात्रेकरूला तीन प्रश्न पुरेत : कोणत्या तारखा, माणसं किती, सोबत जिने न चढू शकणारं कोणी आहे का. तिसऱ्या उत्तरावर तळमजल्याची खोली राखता आली नाही, तर मात्र तो प्रश्न पानावरून काढून टाका.

हे सगळं कोणी घेऊ नये? मिसळवाल्याने. क्यूआर लावून तिखटाची पट्टी सरकवायला सांगणारी टेबलं आता दिसू लागली आहेत. पट्टी सरकवून रस्सा येईपर्यंत पाव गार होतो. तिथे रश्श्याचं भांडं टेबलावर ठेवलं की काम झालं.